माठाजवळची गिटार

माझ्या धंद्यात मला फसवणारे पुष्कळ भेटले. तडा गेलेला ग्रामोफोन रंगवून खपवणारे, वजनात मारणारे, लिलावात स्वतःचाच माणूस उभा करून बोली चढवणारे. त्यांतल्या एकावरही माझा राग नाही. मीही त्यांना जमेल तेव्हा फसवलं आणि विषय मिटला. राग आहे तो एका अशा माणसावर, ज्यानं मला आयुष्यात एकदाही फसवलं नाही. पन्नासहून जास्त वर्षं झाली. तो माणूस गेला, त्याचं घर दुसऱ्याला मिळालं, माझे केस गेले. राग आहे तिथेच आहे.

आम्ही सगळे त्यांना काकाजी म्हणत असू. जबलपुरात रांझीच्या पुढे तोफगाड्यांच्या फॅक्टरीचे क्वार्टर होते, लाल विटांचे, दोन खोल्या आणि मागे अंगण. तिथे ते आणि काकू राहत. मूलबाळ नव्हतं. दिवसभर फॅक्टरीत पॅटर्न शॉपमध्ये काम. तोफेच्या गाड्याचा एखादा लोखंडी भाग ओतायचा असला की आधी त्याचा लाकडी नमुना लागतो. तो नमुना काकाजी घडवत. आणि रविवारी, मागच्या अंगणात, ते गिटारी दुरुस्त करत.

आज कोणाला नवल वाटेल, पण तेव्हा जबलपुरात गिटारी खूप होत्या. छावणीतले साहेब, रेल्वेतली अँग्लो-इंडियन कुटुंबं, मिशनच्या शाळा, लग्नाचे बँड. दुरुस्त करणारा मात्र कोणी नव्हता. सतारी नीट करणारे एक म्हातारे मियाँ होते, ते गिटारीला हात लावत नसत. काकाजी त्यांच्याजवळ जाऊन बसत आणि काम पाहत. शब्दही त्यांनी तिथूनच उचलले: गिटारीची मान, गिटारीचं पोट, तारा जिच्यावर बांधतात ती घोडी. त्यामुळे काकाजींच्या अंगणात बसलं की जनावरांच्या डॉक्टरकडे आल्यासारखं वाटे. कोणाची मान वाकली, कोणाचं पोट फुगलं, कोणाची घोडी उखडली.

आमच्याकडे मे महिन्यात लूचा कोरडा, गरम वारा सुटतो तेव्हा दाराच्या फळ्यासुद्धा तडकतात. गिटारीचं पोट तर पापडासारखं पातळ. काकाजींचं त्यावर औषध म्हणजे माठ. स्वयंपाकघरात ओळीनं चार माठ, आणि प्रत्येक माठाच्या वर खुंटीला एक गिटार टांगलेली, ओलावा मिळावा म्हणून. घरात माणसं दोन आणि माठ चार. काकू म्हणत, "या घरात पाहुण्याला पाणी मागावं लागते. गिटारीला न मागता भेटते."

सपाटी पाहायला त्यांच्याकडे भेडाघाटच्या संगमरवराची एक लादी होती, आरशासारखी गुळगुळीत. मूर्ती घडवणाऱ्या एका कारागिराकडून ती त्यांनी सायकलवर आणली होती, वाटेत दोनदा पंक्चर झालं तरी खाली न ठेवता. त्या लादीवर ते गिटारीची घोडी ठेवत आणि खालून उजेड येतो का ते पाहत. उजेड आला की घास, पुन्हा ठेव, पुन्हा पाहा. दुपार अशी जाई.

फॅक्टरीतला खिळाही त्यांनी कधी घरी आणला नाही. खिळा सोडा, भुसा आणला नाही. सुट्टीचा भोंगा झाला की फाटकातून शेकडो सायकली एकदम सुटत. काकाजी मात्र फाटकाच्या आत थांबून सदरा झटकत, पायजम्याच्या मोहऱ्या उलट्या करून झटकत, टोपी झटकत, आणि मगच सायकलवर बसत. झडती घेणारा दरवान त्यांना हसे. मी त्यांना म्हणालो होतो की तुमच्या अंगावरचा भुसा फॅक्टरी लिलावात काढणार आहे काय, तसं असेल तर मला आधी कळवा. ते म्हणाले, "सरकारचा तो सरकारचा." यात विनोद आहे हे त्यांना कळलं नाही.

माझी त्यांची गाठ पडली ती माझ्या मूर्खपणामुळे. चीनची लढाई नुकतीच होऊन गेली होती. मी वर्ध्याकडून मामाच्या आधारानं आलो होतो, मामा रेल्वेत. मला नोकरी नको होती. मी लष्कराच्या जुन्या सामानाच्या लिलावात फिरे, तंबूची दोरी, जेरीकॅन, मोडक्या खुर्च्या घेई आणि छावणीतल्या सदर बाजारात विके. वयाच्या तेविसाव्या वर्षी माझं आठ फुटांचं दुकान झालं, कोणाच्या एका शब्दाची मदत न घेता. त्या दुकानात मी एक गिटार आणली. तिच्या तारा आतड्याच्या होत्या, तुटलेल्या. त्या जागी मी पोलादी तारा चढवल्या, दिसायला चकचकीत म्हणून, आणि गिऱ्हाइकासमोर खुंट्या पिळत गेलो. बंदूक सुटावी तसा आवाज झाला आणि घोडी उखडून गिऱ्हाइकाच्या चष्म्याला लागली.

ती मोडकी गिटार घेऊन मी रांझीला गेलो. काकाजींनी ती उलटीपालटी करून पाहिली, पोटावरून हात फिरवला आणि विचारलं, "हिला काहून मारलं?"

मी म्हणालो, मारलं नाही, तारा चढवल्या. त्यांनी मला समजावलं की आतड्याच्या तारांसाठी घडवलेल्या गिटारीला पोलादी तारांचा ताण सोसत नाही. बैलगाडीला रेल्वेचे डबे जोडल्यासारखं होतं. मग त्यांनी भाव सांगितला: बारा रुपये, आठ दिवस.

मी सवयीनं म्हणालो, आठ.

"आठ रुपये, बारा दिवस," ते म्हणाले.

मला वाटलं चेष्टा करतायत. मी म्हणालो, ठीक आहे, पंधरा देतो, दोन दिवसांत द्या. तर म्हणाले, "पंधरा दिले तर चिकटवायचा सरेस लवकर वाळते काय?"

भाव कमी केला की दिवस वाढत, ही त्यांची पद्धत मी नंतर चांगलीच ओळखली. त्यांचं म्हणणं, कमी पैशाचं काम मागं सरतं. जास्त पैसे देणाऱ्याचं पुढे येतं, पण आठ दिवसांच्या आत नाही. आठ दिवसांत चार दिवस तर गिटारीच्या आरामाचे. आली की तारा सैल करून तिला नुसती टांगून ठेवायची, चार दिवस हात लावायचा नाही. मी कपाळाला हात लावी. माझ्या दुकानात चार तास एखादी वस्तू पडून राहिली तर मला झोप येत नसे. पण मी जात राहिलो. छावणीतून बदली होऊन जाणाऱ्यांकडून, देश सोडून निघालेल्या रेल्वेवाल्यांकडून मी गिटारी घ्यायच्या, काकाजींनी त्या नीट करायच्या, मी विकायच्या. वर्षभरात असं झालं की रविवारी काम असो नसो, मी सायकल काढून रांझीला निघे.

मी तापट होतो, अजून आहे. त्यांच्या अंगणात मी किती वेळा आवाज चढवला त्याला सुमार नाही. ते ऐकून घेत. एकदा म्हणाले की ओतलेलं लोखंड थंड झालं की आखडते, म्हणून नमुना जरा मोठा करावा लागतो, त्यासाठी आमची पट्टीच वेगळी असते. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "तू गरम असतो तेव्हा जे बोलतो ते मोठंच असते, बाबू. थंड झाल्यावर किती उरते, तेवढंच मी धरतो." या एका वाक्यासाठी मी त्यांच्यावर दोन रविवार रुसलो होतो. तिसऱ्या रविवारी गेलो तेव्हा त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

आता त्यांच्या नियमाबद्दल सांगितलं पाहिजे, कारण सगळं तिथेच अडलं.

दुरुस्त झालेली गिटार ते तशीच देत नसत. अंगणात जांभळाखाली एक स्टूल होतं. नेणाऱ्यानं त्यावर बसायचं आणि काकाजींसमोर काहीतरी वाजवायचं. काकाजी डोळे मिटून ऐकत. झालं की म्हणत, "पुन्हा." दुसऱ्यांदा ऐकून मग गिटार पुसून हातात देत. यातून कोणाची सुटका नव्हती. एका साहेबानं आपल्या अर्दलीला पाठवलं, तर त्या बिचाऱ्यानं घामाघूम होत एकच तार वीस वेळा वाजवली. काकाजींनी तीही दोनदा ऐकली. मी स्वतः कधी वाजवत नसे. मी ज्याला विकणार त्या गिऱ्हाइकाला सोबत नेई, किंवा लग्नाच्या बँडमधला एक ओळखीचा क्लॅरिनेटवाला होता, थोडी गिटारही वाजवणारा, त्याला चहा पाजून घेऊन जाई.

काकाजींना स्वतःला वाजवता येत नव्हतं. डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं लाकूड कापायच्या मशीननं नेली होती, त्यामुळे तार दाबता येत नसे. ते एकेक तार मोकळी छेडून पाहत, तेवढंच. आयुष्यभर वाद्यं नीट केली आणि एक चाल कधी वाजवली नाही.

पासष्ट साली मिशनच्या शाळेत संगीत शिकवणाऱ्या एक बाई गाव सोडून निघाल्या. नवरा रेल्वेत गार्ड होता, तो वारलेला. बहिणीकडे ऑस्ट्रेलियाला चालल्या होत्या. बाकी सामान गेलं होतं, गिटार राहिली होती. शेवटच्या दिवसापर्यंत त्यांनी ती विकायला काढली नव्हती. मला खबर लागली तेव्हा फाटकाशी टांगा उभा होता. त्यांची गाडी त्याच दुपारची आहे हे मला ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे हे त्यांनाही दिसत होतं. मी व्हरांड्याच्या पायरीवर बसलो आणि जराही घाई केली नाही. टांगेवाला दोनदा ओरडला. शेवटी त्यांनी सांगितल्याच्या चौथ्या हिश्शात मी ती गिटार घेतली. बाई टांग्यात बसल्या, टांगा हलला, आणि मग मागे वळून त्या म्हणाल्या, "मई में इसे पानी के पास रखना।"

मला तेव्हा वाटलं, सौदा झाल्यावर हे काय.

मी ती घेऊन काकाजींकडे गेलो. मान जराशी वाकली होती, बाकी वस्तू अशी की हातात घेतल्यावर कळावं. काकाजी ती पाहून उठून उभे राहिले. दहा वर्षं दरसाल ती त्यांच्याकडेच येत होती. त्यांनी विचारलं, बाई कुठे आहेत. मी म्हणालो, गेल्या. कितीत घेतली, हेही विचारलं आणि मी अभिमानानं सांगितलं. मग म्हणाले, मे महिन्याचं काही बोलल्या काय. मी म्हणालो, पाणीबिणी काहीतरी म्हणत होत्या.

"अच्छा," काकाजी म्हणाले आणि तिच्या तारा सैल करू लागले.

मग लढाई सुरू झाली. गावात खिडक्यांना काळे कागद लागले. फॅक्टरीत बारा-बारा तासांची पाळी, रविवारही अर्धा गेला. बाहेरच्या देशांतून येणाऱ्या गिटारीच्या तारा बंद झाल्या, तेव्हा लोक काकाजींकडे टेलिफोनची तार, सायकलच्या ब्रेकच्या केबलची उसवलेली तार, काहीही घेऊन येत. त्यांच्याच फॅक्टरीच्या कोठारात बारीक पोलादी तारेची वेटोळी पडलेली असत. एका हवालदारानं तसं सुचवलं, तर काकाजी दिवसभर त्याच्याशी बोलले नाहीत. असल्या धावपळीतही बाईंची गिटार त्यांनी नीट केली. माझ्याकडे गिऱ्हाईक तयार होतं. मी क्लॅरिनेटवाल्याला घेऊन गेलो.

काकाजींनी त्याला चहा दिला आणि मला म्हणाले, "हा नाही. तू वाजव."

मी म्हणालो, मला येत नाही.

"मग शीक."

मी असा भडकलो की शेजारचे लोक भिंतीवरून पाहू लागले. माझा माल, मी पैसे मोजलेले, तुमची मजुरी हातावर ठेवतोय, आणि तुम्ही मला शिकवणार. पोलिसात जाईन इथपर्यंत बोललो. क्लॅरिनेटवाला कधी निघून गेला कळलं नाही. काकूंनी माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला. काकाजी मी थंड होईपर्यंत थांबले. बारा तासांच्या पाळ्यांनी डोळे लाल झाले होते त्यांचे.

"एकवीस वर्षं नमुने बनवून राहिलो, बाबू," ते म्हणाले. "त्याचं लोखंड होते, लोखंडाची तोफ होते. ती कुठं जाते, कोणावर चालते, मला एकदाही ऐकू आलं नाही. माझ्या हातून जे घरातून जाते ते तरी मला ऐकून घेऊ दे. अन् ही बाई दरसाल इथं बसून एकच चाल वाजवायची. ती चाल तू आणली नाही, नुसतं लाकूड आणलं. ती वाजव अन् घेऊन जा."

मी हट्टी आहे. ज्या गोष्टीला नाही म्हणतात ती मिळवायचीच, एवढ्या एका गुणावर मी वर आलो. पुढच्या रविवारी मी स्टुलावर बसलो.

ज्याला वाजवता येत नाही असा माणूस, ज्याला ऐकताही येत नाही अशा माणसाला, तिसऱ्याच कोणाची चाल शिकवतोय, असं ते शिक्षण. काकाजींनी बाईंची चाल दहा वर्षांत वीस वेळा ऐकली होती, ती त्यांच्या डोक्यात पक्की होती. ते नाकातून गुणगुणत आणि मी तारेवर ती जागा शोधत असे. चुकलं की डोळे न उघडता म्हणत, "पुन्हा." माझी बोटं सुजली, मग त्यांवर घट्टे आले. चालीच्या मध्ये एक उडी होती, तिथे करंगळी लांब न्यावी लागे. ती माझी दर वेळी अलीकडेच पडे. चालीचं नाव काय, गाणं आहे की प्रार्थना, त्यांना माहीत नव्हतं. बाईंना विचारायचं राहून गेलं म्हणाले.

लढाई थांबली. काळे कागद लोकांनी काढले. काकूंनी त्यांचे डब्यांत घालायला गोल कापले. पनागरच्या मटारांचे ढीग बाजारात आले. मी स्टुलावर चुकत असे, काकू शेजारी बसून शेंगा सोलत आणि मला उडीची जागा आली की सोलायच्या थांबत. बाहेरच्या जगात मी सगळ्यांशी भांडत होतो. भाडं वाढवणाऱ्या मालकाशी, लिलावातल्या टोळीशी. त्या अंगणात फक्त करंगळीशी भांडण होतं. हे सुख आहे हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी त्याला दुकानाबाहेर काढलं असतं.

एका रविवारी करंगळी जाऊन बरोबर पडली. चाल शेवटपर्यंत गेली. काकाजी डोळे मिटून बसले होते. ते म्हणाले, "पुन्हा," पण आवाज वेगळा होता. मी पुन्हा वाजवली. काकूंनी त्या दिवशी मटारच्या करंज्या केल्या होत्या. काकाजींनी गिटार पुसली, माझ्या हातात दिली आणि मला सायकलपर्यंत पोचवायला आले. तसे ते कोणासाठीही येत नसत.

चार दिवस ती गिटार माझ्या खोलीत होती. गुरुवारी मी ती दुकानात नेली. का नेली? दुकानदार वस्तू दुकानात नेतो. दुपारी एक कॅप्टन आला, आघाडीवरून परत आलेला, संध्याकाळच्या गाडीनं पुढे जाणारा. त्यानं गिटार पाहिली आणि भाव विचारला. विकायची नाही म्हणून मी एक भलताच आकडा सांगितला. त्यानं घासाघीस न करता पैसे ठेवले. आयुष्यात माझ्याशी असं कोणी केलं नव्हतं. माझे हात सवयीनं गिटार कागदात बांधू लागले.

रविवारी मी दुसरी एक गिटार घेऊन रांझीला गेलो. काकाजी चाकूनं जुना सरेस खरवडत होते. त्यांनी विचारलं, "ती कशी आहे?"

मी म्हणालो, विकली. आकडाही सांगितला, नेहमीसारखा.

चाकू थांबला नाही. "त्यानं वाजवून पाहिली?"

मी म्हणालो, नाही, घाईत होता.

"अच्छा." मग त्यांनी नवी गिटार हातात घेतली, उलटीपालटी केली आणि म्हणाले, "दहा रुपये, सेठ. बुधवारी घेऊन जा तुम्ही."

मला वाटलं चेष्टा आहे. मी म्हणालो, आठ. ते म्हणाले, आठ द्या. दिवस वाढले नाहीत. बुधवारी गिटार वर्तमानपत्रात गुंडाळून दाराशी तयार होती. मला अंगणात बोलावलं नाही.

त्यानंतर पाच-सहा वर्षं माझं प्रत्येक काम तीन दिवसांत झालं. मी जे सुरुवातीपासून मागत होतो ते सगळं त्यांनी मला दिलं: झटपट काम, कमी भाव, बोलणं नाही. काम तितकंच चोख. त्यांनी काम बिघडवलं असतं तर मला भांडता आलं असतं. बाकीच्यांना नियम होता तसाच होता. दाराशी उभा राहून मी मागच्या अंगणातून ऐकत असे, कोणीतरी हवालदार अडखळत वाजवतोय आणि काकाजी त्याला म्हणतायत, पुन्हा. नियम फक्त माझ्यापुरता उठला होता.

एकदा मी न विचारता आत गेलो आणि स्टुलावर बसलो. दुरुस्त झालेली गिटार मांडीवर घेतली आणि बाईंची चाल सुरू केली. दोन ओळी झाल्या असतील. काकाजी म्हणाले, "राहू द्या सेठ. तुमचा वेळ जाईल." त्यात टोमणा नव्हता. खरंच माझ्या वेळेची काळजी असावी तसे बोलले. मी उठलो.

मी चुकलो असं मी आजही कबूल करत नाही. वस्तू माझी होती. अट होती वाजवून न्यायची, ती मी पाळली. पुढे विकायची नाही अशी अट कोणी घातली नव्हती. घातली असती तर मी त्याचाही भाव केला असता. पण समजा, चुकलो. तर त्यांनी शिव्या द्यायच्या होत्या. अंगणातून हाकलायचं होतं. माझ्या मामानं मला चुलीतलं लाकूड फेकून मारलं होतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नावानं हाक मारली. काकाजींनी मला सेठ म्हणायला नको होतं. हीच माझी तक्रार आहे, आणि ती ऐकायला आता कोणी उरलेलं नाही.

त्या कॅप्टनला मी पत्रं लिहिली, दुप्पट पैसे देतो म्हणून. पत्रं परत आली.

एकाहत्तरच्या लढाईच्या पाळ्या संपल्या आणि काकाजी निवृत्त झाले. काकूंच्या माहेरी, अमरावतीकडे जायचं ठरलं. मी माझा टेम्पो नेला. लादी त्यांनी स्वतः उचलली, कोणाला हात लावू दिला नाही. चार माठांपैकी एक काकूंनी माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "वाटेत फुटते, बाबू. तू ठेवजो." काकाजी पुढच्या सीटवर बसले होते. ते म्हणाले, "बरंय सेठ. येतो." स्टेशनवर मी सामान चढवलं, गाडी सुटली. तीन वर्षांनी काकूंचं कार्ड आलं, ते गेल्याचं.

त्या माठात मी पाणी भरत राहिलो. उन्हाळ्यात त्याच्या वरची भिंत मोकळी दिसे. किती वर्षं गेली मोजली नाहीत; मुलांनी दुकान मोठं केलं, गिटारी विकणं मी कधीच सोडलं होतं. मग एकदा मी बाजारातून एक साधी गिटार घेतली, भाव न करता, आणि माठावर टांगली. अधूनमधून काढून बाईंची चाल वाजवून पाहतो. माझ्याशिवाय ती कोणाला येत असेल असं वाटत नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी महिनाभर मुलीकडे गेलो होतो. घरात माठ कोणी भरला नाही. आलो तर गिटारीची घोडी उचलली गेलेली. सदरमध्ये आता एक दुकान आहे, काचेचं, तिथला माणूस हुशार आहे. त्यानं पाहिलं आणि म्हणाला, दोन तास बसा सेठजी, आत्ता देतो. पैसेही वाजवी सांगितले.

मी चिडलो. म्हणालो, दोन तासांत कशी होईल, आधी तारा सैल कर, चार दिवस टांगून ठेव. तो म्हणाला, अंकलजी, आता चिकटवायचं सामान दुसरं येतं, तेवढी गरज नाही. मी त्याला दीडपट द्यायला तयार झालो. शेवटी दुपटीवर सौदा ठरला: आठ दिवस. गिऱ्हाइकानं पैसे वाढवून काम लांबवल्याचं त्याच्या दुकानात पहिल्यांदाच झालं असेल.

आठव्या दिवशी गेलो. त्यानं गिटार पिशवीत घालायला घेतली. मी म्हणालो, थांब. कोपऱ्यात स्टूल होतं, ते ओढलं आणि बसलो. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती आपापल्या कामात. मी चाल वाजवली. माझी बोटं आता वळत नाहीत. उडीपाशी करंगळी अलीकडेच पडली, पण चाल शेवटपर्यंत गेली. मालक दुसऱ्या एका गिटारीच्या खुंट्या बसवत होता. तो म्हणाला, ठीक वाजतेय ना अंकलजी.

मी तसाच बसून राहिलो. गिटार मांडीवरून काढली नाही. बराच वेळ वाट पाहिली. मग कोणी म्हणत नाही असं पाहून मी आपणच पुन्हा सुरू केलं.